रस्त्यावरच्या रंगभूमीचा नट : वीरा साथीदार

१.
नागपूरच्या नाट्येतिहासाचा विषय निघाला की काही नावे हमखास येतात : पुरुषोत्तम दारव्हेकर, त्यांचे रंजन कला मंदिर, सीताबर्डीवरचे धनवटे रंगमंदिर. ही नावे मोठीच आहेत. परंतु या शहराला आणखी एक रंगभूमी आहे. तिला पडदा नाही, तिकीट नाही, तिसरी घंटा नाही. आजचा धागा तिच्या एका नटाविषयी.

२.
मी याच शहरात वाढलो. १४ एप्रिलच्या रात्री वस्तीच्या चौकात चार तखतपोस जोडून मंच होतो, हार्मोनियम आणि ढोलकी येते, शाहीर डफ शेकून घेतो आणि पहाटेपर्यंत माणसे हलत नाहीत. विजयादशमीला दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यांवरही हेच दृश्य. आमच्याकडे याला ‘कार्यक्रम’ म्हणतात. ‘नाटक’ हा शब्द मात्र सभागृहासाठी राखून ठेवलेला. शब्दांच्या या वाटणीतच अर्धा इतिहास दडला आहे.

३.
या ‘कार्यक्रमा’ची वंशावळ जुनी आहे. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याच्या विचारांच्या प्रसारासाठी पुढे जलसे उभे राहिले. सांगाडा तमाशाचाच, आशय मात्र बदललेला : सावकारी, भटशाही, अज्ञान यांवर बोट ठेवणारा. १९३० च्या दशकात नाशिकचे भीमराव कर्डक यांच्यासारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसा गावोगावी नेला. सभेला न येणारा माणूस जलशाला येई आणि जाताना विचार घेऊन जाई.

४.
नागपुरात ही जमीन आधीच नांगरलेली होती. किसन फागूजी बनसोडे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच येथे कविता, वृत्तपत्रे आणि शाळा यांतून अस्पृश्यतेविरुद्ध झुंज मांडली. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर तर गाणे हा या शहराच्या मोठ्या भागाचा श्वासच झाला. वीरा साथीदार घडले ते या हवेत.

५.
जोगीनगर या झोपडपट्टीत त्यांचे बालपण गेले. वडील नागपूर रेल्वे स्थानकावर हमाल, आई बांधकामावर मजूर. अशा घरातला मुलगा नाट्यशिक्षणाच्या संस्थेत जात नाही. त्याची तालीम मोर्चात होते. कामगारांमध्ये काम, आंबेडकरी चळवळ, गाणी, कविता, भाषणे, पुस्तकांचा प्रसार हाच त्यांचा जीवनक्रम राहिला. ‘विद्रोही’ या नियतकालिकाचे ते संपादक होते. अभिनय ही त्यांची उपजीविका कधीच नव्हती.

६.
आणि मग ‘कोर्ट’ आला. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे यांचा हा पहिलाच दीर्घपट. नारायण कांबळे हा मुंबईतला वयोवृद्ध लोकशाहीर घरी मुलांची शिकवणी घेतो, बसने कार्यक्रमाला जातो, गाणे सुरू असतानाच पोलीस मंचावर चढतात. आरोप असा, की त्याचे गाणे ऐकून वासुदेव पवार या मॅनहोल सफाई कामगाराने आत्महत्या केली. ही भूमिका साथीदारांनी केली. चित्रपटातील शाहिरीला संभाजी भगत यांचा हात लागला आहे.

७.
मी हा चित्रपट एप्रिल २०१५ मध्ये, प्रदर्शित झाला त्याच आठवड्यात, पाहिला. आजही आठवते ती त्यांची शांतता. मंचावर आवाज चौक भरून टाकणारा. न्यायालयात मात्र तोच माणूस जवळजवळ गप्प. वकील बोलतात, न्यायाधीश बोलतात, तारखा पडतात. ज्याच्याविषयी हे सारे चालले आहे, तो मागे उभा आहे. कॅमेरा दूर आणि स्थिर. एखाद्या नटाने ही रिकामी जागा हावभावांनी भरली असती. साथीदार ती रिकामीच ठेवतात. सरकारी कचेरीत ताटकळण्याची सवय असलेला माणूस जसा उभा राहील, तसे ते उभे राहतात.

८.
हे ‘अभिनय न येण्या’चे लक्षण होते काय? समोर सरकारी वकिलाच्या भूमिकेत राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेल्या गीतांजली कुलकर्णी आहेत. दोघे एका चौकटीत येतात तेव्हा शिकलेला नट आणि न शिकलेला नट अशी फट कोठेही दिसत नाही. चौकातला शाहीर वर्षानुवर्षे हेच शिकत असतो : समोरच्याला न फसवता त्याचे लक्ष धरून ठेवणे. तेथे प्रेक्षक तिकिटाने बांधलेला नसतो. कंटाळला की उठून घरी जातो. याहून कठोर नाट्यशाळा मला ठाऊक नाही.

९.
मृत कामगाराच्या पत्नीची भूमिका उषा बने यांनी केली. त्यांचे पती प्रत्यक्ष आयुष्यातही मॅनहोलमध्ये उतरून काम करणारे होते. आत उतरण्यापूर्वी झुरळे बाहेर येतात का हे तो पाहत असे, म्हणजे आत हवा आहे असे समजायचे, हे ती साक्षीत सपाट सुरात सांगते. गाण्यावर खटला आणि गटारावर मात्र कोणताही खटला नाही, हा चित्रपटाचा सारा आशय त्या साक्षीत मावतो.

१०.
गाण्याला आरोपी करणे ही पटकथाकाराची कल्पनाभरारी नव्हे. ब्रिटिशांनी १८७६ मध्ये नाट्यप्रयोग नियंत्रण कायदा आणला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकात प्रेक्षकांनी कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन पाहिला आणि १९१० मध्ये त्यावर बंदी आली. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे तो कायदा केंद्राच्या कायदेपुस्तकात राहिला. २०१८ च्या आरंभी तो रद्द झाला. सत्तेने रंगभूमीला नेहमीच गांभीर्याने घेतले आहे. रंगभूमीच्या इतिहासकारांनी रस्त्यावरच्या नटाला तेवढ्या गांभीर्याने घेतले का, हा माझा प्रश्न आहे.

११.
‘कोर्ट’ला २०१४ च्या व्हेनिस महोत्सवात ‘ओरिझोंती’ विभागातील सर्वोत्तम चित्रपटाचा आणि पदार्पणाच्या चित्रपटासाठीचा, असे दोन सन्मान मिळाले. पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार आला, ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका म्हणूनही त्याचीच निवड झाली. साथीदार मात्र नागपूरकरच राहिले. कीर्तीच्या शिडीवरून ते मुंबईला गेले नाहीत. चळवळीच्या कामातच राहिले.

१२.
१३ एप्रिल २०२१ रोजी, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, नागपूरच्या एम्समध्ये त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी आंबेडकर जयंती होती. ज्या रात्री या शहराचे चौक गाण्याने जागे असतात, ती रात्र त्या वर्षी मुकी गेली. ना मंच, ना डफ. ज्या माणसाला निरोप गाऊनच द्यायला हवा होता, त्याला गर्दीविना जावे लागले.

१३.
काही लेखांत त्यांचा उल्लेख ‘एका चित्रपटाचा नट’ असा येतो. मला ही मोजणी मान्य नाही. चित्रपट एक असेल. प्रयोग किती झाले याचा हिशेब कोणी ठेवलाच नाही. सभागृहातल्या प्रयोगाची जाहिरात छापून येते, तिकिटाचे अर्धुक उरते, समीक्षा लिहिली जाते. चौकातल्या प्रयोगाचे पुरावे म्हणजे ऐकणाऱ्यांची स्मृती, आणि ती माणसांबरोबर संपते. कॅमेऱ्याने साथीदारांना नट केले नाही. आधीपासून असलेल्या नटाची एकदाच, दोन तासांपुरती, नोंद घेतली.

१४.
म्हणून वाचकांना एक विनंती. आपल्या गावात, वस्तीत, आजोळी जे शाहीर, जलसाकार, कलापथकातले गायक आपण ऐकले असतील, त्यांची नावे, गावे आणि आठवणारी साले येथे लिहा. एखाद्या जुन्या हँडबिलाचा वा कॅसेटच्या वेष्टनाचा फोटो असेल तर तोही जोडा. रंगभूमीचा इतिहास लिहिणारा पुढचा माणूस कागद मागेल. तो कागद आज आपणच तयार करायचा आहे.

धागा समाप्त.