सात दिवसांचे पाहुणे

पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै आणि तिसऱ्या दिवशी राहील त्याची अक्कल गेली, असे आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवले आहे. या हिशेबाने आमच्या महाविद्यालयाची पन्नास मुले आणि त्यांच्यामागून धावणारा मी, असे आम्ही सारेच दर हिवाळ्यात चार-पाच दिवस अक्कल गहाण टाकतो. कारण राष्ट्रीय सेवा योजनेचे विशेष शिबिर सात दिवसांचे असते. गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने २४ सप्टेंबर १९६९ रोजी ही योजना ३७ विद्यापीठांत सुरू झाली. विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास सेवा करावयाची आणि एकदा खेड्यात जाऊन राहावयाचे, असा तिचा शिरस्ता. कार्यक्रम अधिकाऱ्याची माळ मात्र बहुधा मराठीच्या प्राध्यापकाच्या गळ्यात पडते. गणिताच्या प्राध्यापकांना तास असतात, मराठीच्या माणसाला वेळ असतो, असा सर्वत्र समज आहे!

गेली तीन वर्षे आमचे शिबिर कशेडीच्या घाटातल्या एका वाडीत भरते. कशेडी म्हटले की जुन्या चाकरमान्याच्या पोटात अजून ढवळते. पोलादपूर मागे पडले की एस.टी. वळणे घेऊ लागायची, आणि खेडच्या बाजूला उतरेपर्यंत निम्मी गाडी हातात लिंबू धरून देवाचे नाव घेत असायची. २०२३ च्या गणेशोत्सवात नव्या बोगद्याची एक बाजू हलक्या गाड्यांना खुली झाली. आता दोनेक किलोमीटरच्या अंधारातून माणूस पलीकडे निघतो, आणि डोंगरावर कोण राहते हा प्रश्न त्याला पडतच नाही.

डोंगरावर राहतात म्हातारी माणसे, बायका आणि मुले. कर्ते पुरुष मुंबईला नाहीतर सुरतेला. वाडीत शाळा आहे. खोल्या दोन, गुरुजी एक. आम्ही प्रथम गेलो तेव्हा पट चौदा होता.

या गुरुजींनी पहिल्याच दिवशी मला बाजूला घेतले. आमच्या मुलींनी रंगीत तक्ते आणले होते, मुलांनी इंग्रजी कविता बसवण्याचा बेत केला होता. गुरुजी म्हणाले, "सर, शिकवायचं काम माझ्याकडं राहू द्या. तुमची पोरं सात दिवस लळा लावतील, आणि आठव्या दिवशी माझी पोरं दाराकडं बघत बसतील. मला तीच पोरं घेऊन पुढं वर्ष काढायचंय."

या एका वाक्यात फार मोठी गोष्ट होती. आमच्या शेजारची एक मुलगी गेल्या सुट्टीत नेपाळला जाऊन आली. सकाळी अनाथाश्रमातल्या मुलांना इंग्रजी शिकवावे, दुपारी देवळे पाहावीत, असा दोन आठवड्यांचा कार्यक्रम. त्याची रीतसर फी. फोटो पाहून तिच्या आईचा ऊर भरून आला. "काका, यात वाईट काय हो?" असे त्या मुलीने मला विचारले. तिच्या मनात वाईट काहीच नव्हते. परंतु नेपाळ, कंबोडिया या देशांत असा अनुभव आला आहे, की दयाळू पाहुणे वाढले तसे आश्रमही वाढले, आणि त्यांतल्या कितीतरी मुलांचे आईबाप जिवंत होते. पाहुण्याच्या पैशामुळे मूल हीच आश्रमाची मिळकत झाली, आणि मग गरिबाच्या घरातून मूल आणवणारे दलालही निघाले. ऑस्ट्रेलियाने २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला, तेव्हा या व्यवहाराचीही दखल घेतली. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही अशा आश्रम-पर्यटनाविरुद्ध इशारा दिला.

परदेशी जाऊन थोडे दिवस सेवा करण्याची कल्पना मुळात फार उमदी आहे. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, पिएर सेरेसोल नावाच्या स्विस गृहस्थाने व्हर्दंजवळच्या एका उद्ध्वस्त फ्रेंच खेड्यात कालच्या शत्रुराष्ट्रांतली माणसे एकत्र आणून घरे उभारायला घेतली. १९३४ च्या भूकंपानंतर तो बिहारातही आला. पण त्याने हाती घेतले ते फावडे. भिंत बांधून माणूस निघून गेला तरी भिंत रडत नाही. मुलाचे तसे नसते.

म्हणून आम्हीही फावडी घेतली. सकाळी ओढ्यावर पोती रचून बंधारा घालायचा, दुपारी शाळेची भिंत रंगवायची. संध्याकाळी मात्र वाडीतली मुले शिक्षक आणि आम्ही विद्यार्थी. ऐन कोणता नि किंजळ कोणता, खेकडा कोठे दडतो, हे आमच्या पदवीधरांना दुसरी-तिसरीची पोरे शिकवत. फळ्यावर गुरुजी पहिल्या दिवशी सात चौकोन काढत आणि रोज एक पुसत. पाहुणे केव्हा जाणार हे पोरांना पहिल्यापासून ठाऊक असे.

सहाव्या दिवशी सहल. आमच्या मुलांना स्थळे पाहायची होतीच. चौकशी केली तेव्हा कळले, की वाडीतल्या एकाही पोराने त्यांतले काही पाहिलेले नाही. मग सगळेच निघालो. पोलादपुरात शिवभारतकार कवींद्र परमानंदांची समाधी पाहिली, आणि तेथून उमरठला तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपाशी गेलो. १६७० च्या फेब्रुवारीत सिंहगडावर पडलेल्या या वीराची गोष्ट माझ्या एका विद्यार्थिनीने फार सुरेख सांगितली. ती संपल्यावर तिसरीतला एक मुलगा म्हणाला, "मग रायबाचं काय झालं?"

लग्न महाराजांनी लावून दिले, असे लोककथा सांगते; ते तिने सांगितले. पण त्याचे समाधान होईना. "लगीन झालं, पण मग तो राहिला कुणाकडं?" त्याचा बाप सुरतेला असतो आणि गणपतीला येतो, हे मला मागाहून कळले. इतकी वर्षे मी ही गोष्ट गडाकडे तोंड करून ऐकली. घराकडे तोंड करून ती त्या दिवशी प्रथम ऐकली.

महाडला चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर गुरुजी स्वतः बोलले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी येथले ओंजळभर पाणी प्यायले, त्यासाठी केवढे दिव्य करावे लागले, ते त्यांनी साध्या शब्दांत सांगितले. उन्हाळ्यात झऱ्यावर कळशी घेऊन रांगेत उभी राहणारी एक मुलगी पाण्याकडे बघत म्हणाली, "आमच्याकडं पाणीच नसतं. यांच्याकडं असून देत नव्हते?" त्यावर कोणी काही बोलले नाही.

शेजारच्या मुलीला मी एवढेच सांगितले : जरूर जा, पण तिथल्या गुरुजींना विचारून जा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच गावी जाणार असशील तर जा.

आमचे गाव मात्र टिकले पाहिजे. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचा विचार सरकारने २०२३ मध्ये सुरू केला, तेव्हापासून गुरुजींच्या जिवाला घोर आहे. पट आता अकरावर आला आहे. घाटातून लहान पोरे दूरच्या शाळेत कशी जाणार, याचे उत्तर आमच्या २४० तासांत नाही. परवा गुरुजींचे पत्र आले. बंधाऱ्यासाठी रिकामी पोती आणावीत, शाळा बहुधा असेल, नसली तरी वाडी आहे, असे त्यांनी लिहिले आहे. खाली मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत एक ओळ आहे : "रायबा कुणाकडं राहिला ते शोधून ठेवा."

आमच्या ग्रंथालयात मी सध्या तेच शोधतो आहे.