ताईच्या टी-शर्टांची वाकळ

‘हे जुने टी-शर्ट फरशी पुसायला घेऊ का रे?’ आईनं विचारलं आणि मी हातातला चहा खाली ठेवला.

यंदाच्या पावसाळ्यातली गोष्ट. पाऊस सुरू झाला की पुण्यातले मित्र मागे लागतात, ‘तुमच्या नळदुर्गला कधी नेतोस?’ बोरी नदी भरली की किल्ल्यातले नर-मादी धबधबे सुरू होतात आणि १६१३ मधल्या पाणीमहालात फोटो काढायला ही गर्दी! या वेळी मात्र मी एकटाच गेलो होतो, झोपा काढायला. पण आईनं नेमकी पत्र्याची पेटी उघडली होती.

पेटीत ताईचे खो-खोचे टी-शर्ट. नऊ. शाळेचे, तालुक्याचे.. पाठीवरचे नंबर सोललेले, कुशीला काळ्या मातीचे डाग. एकाची बाही फाटून परत शिवलेली. खांबावर सूर मारताना फाटली होती ती. मी तेव्हा मैदानाच्या कडेला तिच्या चपला सांभाळत बसलो होतो, त्यामुळे पक्कं आठवतंय.

आमच्या जिल्ह्यात खो-खो म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगूनच कळतं. उस्मानाबादच्या सारिका काळेच्या कॅप्टनशिपखाली भारताच्या मुलींनी २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत गोल्ड जिंकलं, २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. ती बातमी ताईनं फॅमिली ग्रुपवर टाकली होती. नुसती बातमी. खाली एक शब्द नाही, स्मायली नाही.

तर, म्हटलं या टी-शर्टांची गोधडी करू. पंधरा-वीस दिवसांवर पंचमी आहे, ताई येईल, सरप्राइज देऊ! आयडिया माझी ओरिजिनल नव्हे. अमेरिकेत शाळा-कॉलेज संपलं की टीमचे टी-शर्ट कापून क्विल्ट करतात. ते शिवून देणाऱ्या कंपन्याच आहेत तिकडे. मी त्यावर एकदा लेखही लिहिला होता. (मानधन अजून यायचंय.) फ्रीलान्सरला कुणाकडे रजा मागायची नसते. लॅपटॉप उघडला आणि घरीच तळ ठोकला.

‘गोधडी कसली, वाकळ म्हण,’ आई म्हणाली. ‘आन् ह्याची वाकळ न्हाई होत. कापड घसरतंय बघ.’

आयांचं बरोबर असतं, हा एक वैताग आहे. वाकळीला खाली जुनं सुती लुगडं, मध्ये चिंध्यांचे थर, वर तुकडे आणि कडेकडेनं फिरत आत आत येणारा धावदोरा. सुती कापड एकमेकाला धरून राहतं. पॉलिस्टर नाही. कात्री लावली की कडा गुंडाळते, ओढलं की ताणतं, टाका घातला की चुण्याच चुण्या. दोन दिवस मी टाके घालत होतो आणि आई उसवत होती. शेजारच्या मावशी रोज दारातून विचारायच्या, ‘काय करायलास रे?’ आणि उत्तर न ऐकता हसत जायच्या. शेवटी बाजारातल्या टेलरनं तोड सांगितली. आधी टी-शर्टला मागून पेस्टिंगचं बकरम चिकटवायचं, मग कापायचं. इस्त्री कोमट, आणि छापलेल्या नंबरावर तर कधीच थेट फिरवायची नाही. मध्ये सुती फडकं हवंच. (हे कळेपर्यंत एक सात नंबर इस्त्रीला चिकटला होता. असो.)

तुकडे फूटभर चौरसाचे कापले. खो-खोच्या मधल्या पाटीवर खेळाडू ज्या चौकोनात बसतात ना, साधारण तेवढेच. आठ चौकोनांत बसणारे आठ, आणि नववा पळणारा. म्हणजे नवव्या टी-शर्टाला मधोमध जागा. माझं मलाच कौतुक!

मधोमध कोणता, हा प्रश्नच नव्हता. एकच टी-शर्ट नवाकोरा होता. निळा, छातीवर ‘उस्मानाबाद जिल्हा’. २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, त्यामुळे तर तो अजूनच भारी वाटला. सगळ्यात आधी तोच कापला.

तो कोरा का राहिला असेल, हे डोक्यातच आलं नाही. आणि मी म्हणे पत्रकार!

पंचमीला ताई लेकीला घेऊन सोलापूरहून आली. तोवर एकाच कडेचा धावदोरा झाला होता, बाकी सगळं नुसतं टाचलेलं. तरी मी ती ऐटीत अंथरली. ताई हसली. फाटक्या बाहीवरून हात फिरवला. मग मधल्या चौकोनावर थांबली.

‘हा पण कापलास?’

‘सगळ्यात भारी होता ना, म्हणून..’

‘एकदा पण घातला नव्हता रे मी हा.’

मग आठवलं. २०१०. तिची बारावी झाली होती. जिल्ह्याच्या टीममध्ये निवड झाली, टी-शर्ट घरी आला आणि त्याच आठवड्यात तिला बघायला पाहुणेही आले. शनिवारी सुपारी फुटली. मॅच रविवारी होती. ‘आता कशाला उन्हात पळायचं?’ असं घरातलंच कुणीतरी म्हणालं. मी तेरा वर्षांचा होतो, पेढे खात होतो. पाच वर्षांनी मी पुण्याला जाऊन मास कॉम करायचंय म्हणालो, तेव्हा मास कॉम म्हणजे काय हेसुद्धा न विचारता बाबांनी फीचे पैसे काढून दिले होते.

‘सॉरी’ म्हटलं. पण कात्री लागलेल्या कापडापुढे सॉरी म्हणून काय होतं? टेलरकडे नेऊन परत जोडून आणतो म्हणालो. ‘येड्यासारखं करू नको,’ ताई म्हणाली आणि भाकरी थापायला उठून गेली.

रात्री पाणी प्यायला उठलो तर बाहेरच्या खोलीत लाइट चालू. ताई खाली बसून तो निळा चौकोन उसवत होती. मी तसाच मागे फिरलो.

सकाळी बघतो तर निळा तुकडा एका टोकाला टाचलेला, आणि मधोमध ती फाटकी बाही.

‘न खेळलेला मधी कशाला?’ ताई म्हणाली. ‘तो राखीव.’

तिची लेक एका चौकोनात उकिडवी बसून ‘खो’ ओरडत होती. वाकळ तशीच अर्धवट घडी घालून ताईनं एसटीत मांडीवर ठेवली आणि गेली.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. ‘निळा दोरा संपलाय. येताना घेऊन ये.’

सोलापूरसारख्या चादरींच्या गावात निळा दोरा मिळत नाही? मी विचारलं नाही. बोहरी आळीतून चार रिळं घेतलीत आणि शुक्रवारच्या हुतात्मा एक्स्प्रेसचं तिकीट काढलंय.