नाममुद्रेविना पोवाडा

हिंगोलीत पदवीच्या वर्गाला पोवाडा शिकवताना मी मेक्सिकोतील ‘कोरिदो’ या कथागीताचा दाखला देतो. दोहोंत वीर असतो, घटनेचा वृत्तान्त असतो. अखेरीस कोरिदोचा गायक श्रोत्यांचा निरोप घेतो, तर आपला शाहीर आपले नाव गुंफतो. अमेरिको पारेदेस यांनी १९५८ साली ग्रेगोरिओ कोर्तेसवरील कोरिदोचा अभ्यास प्रसिद्ध केला. सीमेवरच्या सामान्य माणसाने सत्तेच्या बंदुकीला दिलेले उत्तर म्हणून ते गीत त्यात उभे राहते. १८३२ साली फाशी गेलेल्या उमाजी नाइकाचे स्मरण जपणाऱ्या समाजाला याचा अर्थ वेगळा उलगडून सांगावा लागत नाही.

पुढे बंडखोराच्या जागी तस्कर आला. १९७०च्या दशकात ‘लोस तिग्रेस देल नोर्ते’ या गायकसमूहाने टायरांत गांजा दडवून नेणाऱ्या कामेलियाची कथा गायिली आणि या ‘नार्कोकोरिदो’ला मोठा श्रोतृवर्ग लाभला. सिनालोआचा चालिनो सांचेस तर मोबदला घेऊन माणसांवर कोरिदो रचीत असे. १९९२ साली कुलियाकान येथील कार्यक्रमानंतर त्याची हत्या झाली. ही गीते गुन्ह्याचे उदात्तीकरण करतात, असे काही म्हणतात. ती समाजाचा आरसा आहेत, असे इतर म्हणतात. मला दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात. प्रश्न आश्रयाचा आहे. संहितेत वीर कोण, हे पाहताना गाणाऱ्याची चूल कोणाच्या पैशावर पेटते, हेही पाहावे लागते.

आपली परंपरा या प्रश्नापासून मुक्त नाही. अफजलखानवधाचा अग्निदासाचा पोवाडा जिजाबाईंच्या सांगण्यावरून रचला गेला, असे मानतात. अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली प्रसिद्ध केलेल्या संग्रहातही सरदारांची कीर्ती मोठी जागा व्यापते. ‘मग सर, दारूवाल्याच्या पैशाचा पोवाडा आणि सरदाराच्या पैशाचा पोवाडा यांत फरक काय?’ असे गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने विचारले. श्रोत्यांना तो पोवाडा आपला वाटला की नाही, यावर तो टिकतो, असे काहीसे उत्तर मी दिले. ते खोटे नव्हते; पण पुरेसेही नव्हते.

कारण विशीत असताना हातभट्टीवर श्रीमंत झालेल्या एका माणसाच्या सत्कारासाठी मी पोवाडा लिहून दिला होता. शाहीर शेजारचे होते. त्यांना काम हवे होते, मला परीक्षेचे शुल्क भरायचे होते. त्यात मी त्याला गोरगरिबांचा कैवारी म्हटले. डफ कडाडला, झीलकऱ्यांनी ‘जी जी’ धरले, लोकांनी टाळ्या दिल्या. त्याच लोकांत त्याच्या दारूने संसार मोडलेल्या बायाही बसल्या होत्या. त्यांच्यासाठी त्या पोवाड्यात एकही चौक नव्हता.

अखेरच्या ओळीत शाहिरांनी माझे नाव घालायचे ठरवले होते. मी ते काढायला लावले. त्या वेळी मला तो विनय वाटला. आज वर्गात नाममुद्रा शिकवताना कळते की, पोवाड्याचा खरा अर्थ मी तेव्हाच जाणला होता, आणि म्हणूनच त्याखाली नाव घातले नव्हते. त्या विद्यार्थ्याला हे अजून सांगायचे आहे.