मॉडशी माझं भांडण

सुरुवातीला दिसतात ते फक्त पाय. चकचकीत बुटांतले दोन पाय जिना उतरतात, उंची गालिच्यावरून सावकाश चालत जाऊन तबकडी लावतात, मेणबत्त्या पेटवतात, स्टुलावर चढतात. मग स्टूल कलंडतं आणि पाय अधांतरी राहतात. तेवढ्यात खोलीत आई येते. लटकलेल्या मुलाकडे बघते, फोन उचलते, कुठलीशी अपॉइंटमेंट रद्द करते आणि जाता जाता बजावते, की जेवण आठ वाजता आहे, आणि जरा उत्साही दिसायचा प्रयत्न कर. आपल्याला हसू फुटतं आणि पाठोपाठ त्या हसण्याची लाजही वाटते.

‘हॅरॉल्ड अँड मॉड’ १९७१च्या डिसेंबरात, ऐन नाताळाच्या तोंडावर अमेरिकेत लागला. कॉलिन हिगिन्स नावाच्या तरुणानं लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात चित्रपटाचं शिक्षण घेताना प्रबंध म्हणून लिहिलेली ही पटकथा. दिग्दर्शक हॅल अ‍ॅशबी हा मूळचा संकलक. ‘इन द हीट ऑफ द नाइट’च्या संकलनासाठी त्याला ऑस्कर मिळालं होतं, आणि दिग्दर्शक म्हणून हा त्याचा दुसराच सिनेमा. विशीतला एक श्रीमंत, फिकुटलेला मुलगा ऐंशीला टेकलेल्या बाईच्या प्रेमात पडतो, एवढीच गोष्ट. समीक्षकांनी सालटी काढली. ‘व्हरायटी’नं तर त्यातल्या विनोदाची तुलना जळणाऱ्या अनाथाश्रमाशी केली. नाताळाची खरेदी करून दमलेली कुटुंबं असल्या सिनेमाला कशाला जातील? सिनेमा पडला. नंतर मात्र कॉलेजांच्या गावांतून, आडबाजूच्या थिएटरांतून तो हळूहळू उठून बसला. मिनेसोटातल्या एडायना गावच्या वेस्टगेट थिएटरात तो दोन वर्षांहून जास्त चालला. शेवटी आसपासचे लोक फलक घेऊन थिएटरसमोर उभे राहिले, की आता पुरे, दुसरा एखादा सिनेमा लावा. सिनेमा पडला म्हणून रडणारे पुष्कळ ऐकलेत. तो उतरत नाही म्हणून निदर्शनं झाल्याचं हे एकच उदाहरण मला ठाऊक आहे.

हॅरॉल्डचे छंद दोन. एक, आईला दिसतील अशा बेतानं खोट्या आत्महत्या रचणं. दुसरा, अनोळखी माणसांच्या अंत्यविधींना जाणं, तेही स्वतःच्या मालकीच्या शववाहिकेतून. घर राजवाड्यासारखं, बाप कुठे दिसत नाही, आणि आई सदैव कुठेतरी निघालेली. एका प्रसंगात ही आई कॉम्प्युटरनं स्थळं जुळवणाऱ्या कंपनीचा फॉर्म भरायला बसते. प्रश्न मुलासाठी आहेत, पण उत्तरं देताना तिला मुलाची आठवण राहत नाही. प्रश्न मोठ्यानं वाचायचा, स्वतःचं मत सांगायचं, खूण करायची, की पुढचा प्रश्न. समोरच्या खुर्चीत हॅरॉल्ड पिस्तुलात शांतपणे गोळ्या भरतोय. बार उडतो, तो खुर्चीसकट मागे कोसळतो. आई किंचित वैतागते आणि वाचन चालू ठेवते.

हे एवढं हसवणारं दृश्य रचणाऱ्या अ‍ॅशबीच्या लहानपणीच त्याच्या वडिलांनी आत्महत्या केली होती. ते ठाऊक झाल्यावर हे प्रसंग मला वेगळे दिसू लागले. त्यांतला विनोद मरणाचा नाहीच. माणूस समोर मरतोय आणि बघणाऱ्याची नजर फॉर्मवर आहे, हसू याचं येतं. कॉम्प्युटरनं पाठवलेल्या तीन मुलींपैकी पहिल्या दोघी हॅरॉल्डचे प्रयोग बघून पळ काढतात. तिसरी नटी निघते. त्याची हाराकिरी पाहून ती भारावते, त्याच्या ‘प्रेता’वर ज्युलिएटचा प्रवेश झोकात करते आणि तोच खोटा सुरा स्वतःच्या पोटात खुपसून घेते. हॅरॉल्ड उठून टकामका बघत राहतो. आयुष्यात पहिल्यांदा त्याला प्रेक्षक मिळालेला असतो, आणि तोही रंगमंच बळकावून बसतो!

मृत्यूवर हसणं आपल्याला नवं नाही. दहाव्याला घाटावर पिंड मांडून मंडळी कावळ्याची वाट बघत उभी असतात. कावळे झाडावर असतात, पण शिवत नाहीत. मग सुरू होते आश्वासनांची खैरात. धाकटीचं लग्न करून देऊ, गावच्या घराचं भांडण मिटवू, काकूंना अंतर देणार नाही. शेवटी मागून कुणीतरी हळूच म्हणतं, अरे, त्यांची तंबाखूची पुडी ठेवा. पुडी ठेवताच कावळा झेपावतो आणि डोळे पुसत असलेली माणसं तोंडावर उपरणं धरून हसतात. सतीश आळेकरांनी १९७४मध्ये ‘महानिर्वाण’ लिहिलं तेव्हा याच हसण्याला त्यांनी कीर्तनात बसवलं. त्यातले भाऊराव मेल्यावरही बोलत राहतात आणि जुन्याच स्मशानात जाळा म्हणून अडून बसतात. पण भाऊरावांभोवती चाळ आहे, बायको आहे, मुलगा आहे, खांदेकरी आहेत. आपल्याकडे माणसाला मरायलासुद्धा एकांत मिळत नाही. हॅरॉल्डच्या त्या भल्यामोठ्या घरात एकांताखेरीज दुसरं काही नाही.

अशाच एका परक्याच्या अंत्यविधीत, चर्चच्या बाकावर, मागून ‘शुक शुक’ ऐकू येतं आणि एक म्हातारी त्याला ज्येष्ठमधाची गोळी देऊ करते. ही मॉड. ती दिसेल त्या गाडीत बसते आणि भन्नाट हाकत निघून जाते. शहराच्या फुटपाथवर धुरात गुदमरणारं झाड दिसलं, की ते उपटून रानात नेऊन लावते. रेल्वेच्या जुन्या डब्यात राहते. तिच्याकडे वासांचं एक यंत्र आहे. नळी नाकाला लावली, की न्यूयॉर्कच्या बेचाळिसाव्या रस्त्यावर पडणाऱ्या बर्फाचा वास येतो. हॅरॉल्डला ती बँजो देते, वाजवायला शिकवते. ढोबळमानानं सांगायचं तर ‘जगायला शिकवणारी आजी’. एवढंच असतं तर हा सिनेमा मी एकदा बघून विसरलो असतो. जगायला शिकवणाऱ्या माणसांचा मला मनस्वी कंटाळा आहे.

पण मध्ये एक क्षण येतो. संध्याकाळी दोघं पाण्याच्या कडेला बसलेत. हॅरॉल्ड तिचा हात हातात घेतो आणि त्याला तिच्या दंडाच्या खाली, आतल्या बाजूला गोंदलेला आकडा दिसतो. छळछावणीतला क्रमांक. कॅमेरा जेमतेम सेकंदभर तिथं थांबतो. संगीत नाही, संवाद नाही, फ्लॅशबॅक तर नाहीच. त्याच ओघात मॉड वर उडणाऱ्या सीगलांकडे बघत फ्रेंच सैन्यातल्या ड्रेफस या अधिकाऱ्याची गोष्ट सांगू लागते. डेव्हिल्स आयलंडवर कैदेत असताना त्यानं पाहिलेले अप्रतिम पक्षी पुढे साधे सीगल निघाले. पण मॉडच्या लेखी ते अप्रतिमच राहिले आहेत. पापणी लवली तर तो आकडा चुकतो. कितीतरी जणांनी हा सिनेमा पाहूनही तो आकडा पाहिलेला नसतो. ज्यांनी पाहिलेला असतो त्यांच्यासाठी मागचं सगळं बदलून जातं. चोरलेल्या गाड्या, उपटलेलं झाड, ज्येष्ठमधाची गोळी, कशाचाच अर्थ पहिल्यासारखा राहत नाही. हॅरॉल्ड मरणाशी खेळतो, कारण त्यानं ते पाहिलेलं नाही. मॉडनं ते रांगेत उभं राहून पाहिलंय, म्हणून ती त्याच्याशी कधीच खेळत नाही.

याच जोडीचा आणखी एक शॉट आहे. पांढऱ्या फुलांच्या ताटव्यात बसून हॅरॉल्ड म्हणतो, की मला यांतलं एखादं फूल व्हायला आवडेल, कारण ती सगळी सारखी आहेत. मॉड त्याला नीट बघायला लावते. एक बारकं आहे, एक थोराड, एक डावीकडे झुकलेलं, एकाच्या पाकळ्या झडलेल्या. जगातलं बरंचसं दुःख या वेगळेपणाकडे दुर्लक्ष केल्यानं होतं, असं काहीसं ती म्हणते. आणि मग ती दोघं दिसतात लष्करी दफनभूमीत, एकसारख्या पांढऱ्या दगडांच्या ओळींमध्ये. कॅमेरा मागे मागे जातो तसे दगड वाढतच जातात, दोघं ठिपक्याएवढी होतात. व्हिएतनाममधून पेट्या येत होत्या ते दिवस. हॅरॉल्डचे काका सैन्यात बडे अधिकारी. त्यांचा एक हात गेलाय आणि दोरी ओढली की रिकामी बाही आपोआप सलाम ठोकते.

मग प्रेम. हॅरॉल्ड लग्नाचं बोलतो तेव्हा त्याला समज द्यायला तिघं जण येतात. काकांच्या मागे निक्सनचं चित्र, मानसोपचारतज्ज्ञाच्या मागे फ्रॉइडचं, पाद्रीबाबांच्या मागे पोपचं. पाद्रीबाबा तरुण आणि सुरकुतलेल्या देहांच्या मीलनाचं असं काही चवीनं वर्णन करतात, की शिसारी त्यांचीच यावी. या प्रसंगी मला हमखास ‘शारदा’ आठवतं. देवलांनी १८९९मध्ये म्हाताऱ्या नवरदेवाला रंगमंचावर आणलं तेव्हा प्रेक्षक हसले, चिडले. पण असं घडतं याचं नवल कुणाला वाटलं नाही. उलट बाजूनं वयाचं तेवढंच अंतर असलं, की निक्सन, फ्रॉइड आणि पोप तिघांनाही घाम फुटतो. स्टुडिओलाही फुटला. दोघांच्या प्रणयाचं दृश्य कापायला लावलं गेलं. सिनेमात उरलं ते एवढंच, की आतषबाजी होते आणि नंतर बिछान्यात मॉडशेजारी बसून हॅरॉल्ड साबणाचे फुगे उडवतो. कापाकापीतून जे वाचलं ते कापलेल्यापेक्षा धीट असावं, असा मला दाट संशय आहे.

इथपर्यंत मॉडचं आणि माझं बरं चाललेलं असतं. भांडण लागतं ते तिच्या ऐंशीव्या वाढदिवसाला. हॅरॉल्डनं डबा सूर्यफुलांनी सजवलाय, खिशात अंगठी आहे. आणि मॉड शांतपणे सांगते, की तिनं गोळ्या घेतल्यात, मध्यरात्रीपर्यंत ती गेलेली असेल. मरणाची इतकी नाटकं केलेल्या पोराच्या ओंजळीत ती खरं मरण टाकते, तेही त्याला न विचारता. अँब्युलन्समध्ये तो रडत म्हणतो, माझं तुझ्यावर प्रेम आहे. ती म्हणते, छान, आता जाऊन आणखी प्रेम कर. हे वाक्य लोकांना फार आवडतं. मला राग येतो. आधी हे पोरगं कुणाचंच नव्हतं. आत्ता कुठे ते कुणाचं तरी झालं होतं.

पण मॉडनं त्याला सांगितलं नव्हतं, असं मात्र म्हणता येत नाही. पहिल्याच भेटीत, शवपेटीच्या साक्षीनं, तिनं सांगून टाकलं होतं: पंचाहत्तर म्हणजे फार लवकर, पंच्याऐंशी म्हणजे नुसता वेळ काढणं, आपण पुढच्या आठवड्यात ऐंशीच्या होतोय, निघायला ठीक वय आहे. हॅरॉल्डनं ते ऐकलं आणि सोडून दिलं. त्याची आई त्याच्याकडे जसं बघून न बघितल्यासारखं करायची, नेमकं तसंच. प्रेक्षक म्हणून मीही सोडून दिलं. या सिनेमात प्रत्येक जण मरणाची सूचना अगदी ठणठणीत आवाजात देतो आणि ऐकणारा फॉर्म भरत बसतो.

तरीही तो ऐंशीचा हिशोब मला पटत नाही. मॉडला कंप नाही, विसर नाही, अंथरुणात काही करावं लागत नाही. हॅरॉल्डला तिची बेडपॅन धुवावी लागत नाही. सिनेमानं म्हातारपणाचा मेवा घेतला आणि सालं-बिया टाकून दिल्या. माझी आत्या नव्वदी ओलांडल्यावर कुणालाच ओळखेनाशी झाली. पोटच्या मुलाला ती ‘तुम्ही कुठून आलात’ म्हणून विचारायची. पण गवती चहा खुडून तिच्या नाकाशी धरला, की डोळे मिटून म्हणायची, ‘पाऊस पडून गेला वाटतं.’ मग स्वतःहून चहा मागायची, आणि तो पातळ झाला म्हणून करणाऱ्याचा उद्धार करायची. मॉडच्या हिशोबात हे नुसता वेळ काढणं झालं असतं. वासांचं यंत्र करणाऱ्या बाईला हे कळू नये?

शेवटी हॅरॉल्ड पावसातून गाडी हाकत कड्याकडे सुटतो. आईनं घेऊन दिलेल्या जॅग्वारचीही त्यानं शववाहिका केलेली असते. गाडी कड्यावरून खाली कोसळते, आपला श्वास अडकतो, आणि मग वर तो दिसतो, बँजो घेऊन उभा. कॅट स्टीव्हन्सचं गाणं सुरू होतं आणि तो नाचत चालू लागतो. ही त्याची शेवटची खोटी आत्महत्या, आणि हिच्या वेळी आई तिथं नाही.

हिगिन्स १९८८च्या ऑगस्टमध्ये एड्सशी संबंधित आजारानं गेला, सत्तेचाळिसाव्या वर्षी. अ‍ॅशबी त्याच वर्षीच्या डिसेंबरात, एकोणसाठाव्या वर्षी. ऐंशीला निघावं म्हणणारी बाई ज्या दोघांनी घडवली, त्यांना साठीही दिसली नाही. मॉड झालेली रूथ गॉर्डन मात्र १८९६ची. ‘पंचाहत्तर म्हणजे फार लवकर’ हे तिनं कॅमेऱ्यासमोर म्हटलं तेव्हा ती स्वतः पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर होती. तिचा नवरा गार्सन कॅनिन तिच्यापेक्षा सोळा वर्षांनी लहान. लग्न १९४२चं, आणि ते तिच्या मृत्यूपर्यंत टिकलं. ऐंशी भरली त्या वर्षी तिनं आत्मचरित्र छापलं. ब्याऐंशीव्या वर्षी ‘टॅक्सी’ या मालिकेतल्या भूमिकेसाठी एमी पटकावलं. ती गेली १९८५मध्ये, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी. मॉडनं परवान्यावर आपला विश्वास नाही असं पोलिसाला तोंडावर सांगितलं होतं. पण ‘एव्हरी विच वे बट लूज’मध्ये, क्लिंट ईस्टवुड आणि एका ओरांगउटानच्या जोडीला, रूथबाई ड्रायव्हिंग लायसन्ससाठी खिडकीवर हुज्जत घालताना दिसतात.