वेल दिवची साक्ष

जुनी वास्तू पाडली की हळहळ ठरलेली: इतिहास पुसला. सोलापुरात गिरण्या जमीनदोस्त झाल्या तेव्हाही तेच म्हटलं गेलं. पॅरिसमधल्या ‘वेल दिव’ची हकिकत या समजुतीला फारसा टेकू देत नाही. आयफेल टॉवरपासून जवळच, १९१०च्या सुमारास उभ्या राहिलेल्या या काचेच्या छताच्या बंदिस्त क्रीडागृहात सायकलींच्या सहा-सहा दिवसांच्या शर्यती रंगत, मुष्टियुद्धं होत. १६ आणि १७ जुलै १९४२ रोजी पोलिसांनी (जर्मन नव्हे, फ्रेंच) पॅरिस परिसरात १३,००० वर ज्यू पकडले आणि त्यांतले ८,००० हून अधिक इथे कोंडले. मुलंच ४,११५. हवाई हल्ल्यांच्या भीतीने छत गडद रंगवलेलं, जुलैचा उकाडा, पाण्याचे नि संडासांचे हाल. पुढे बहुतेकांची रवानगी छावण्यांतून आउश्वित्झला झाली आणि इथे पुन्हा शर्यती लागल्या. १९५९ साली आगीनंतर वास्तू पाडली गेली.

म्हणजे त्या जुलैनंतर सतरा वर्षं भिंती जागच्या जागी होत्या, आणि प्रेक्षक तिकीट काढून आत जातच होते. फ्रान्सची जबाबदारी राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी जाहीरपणे मान्य केली ती १९९५ मध्ये, वास्तू जाऊन छत्तीस वर्षं झाल्यावर. कुणी म्हणेल, इमारत उभी असती तर कबुली लवकर आली असती. मग पॅरिसजवळच्या द्रांसीच्या छावणीचं काय? जिथून हजारो ज्यूंच्या गाड्या सुटल्या, ती तिथली वसाहत पाडली नाही. युद्धानंतर तिथे माणसं राहायला आली. भिंत आपण होऊन बोलत नाही. मात्र एक आक्षेप मला खोडता येत नाही. त्या धरपकडीच्या दिवसांचं वेल दिवचं म्हणून ओळखलं जाणारं छायाचित्र एकच, तेही बाहेर उभ्या बसगाड्यांचं. तो कोंडमारा किती जागेत झाला, हे उभ्या वास्तूने नक्कीच सांगितलं असतं.

सोलापूरला स्मरणासाठी घटनास्थळ लागलं नाही. स्वातंत्र्यलढ्यातले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी झाली ती येरवड्यात. तरी चार हुतात्मा चौक इथे आहे. पण आपलं काम सोपं होतं. फाशी देणारं सरकार परकं होतं. फ्रान्सला आपल्याच पोलिसांचं नाव घ्यायचं होतं.