थोरल्या काकींचा राब

गिरणी संपाचा हिशोब मांडणारे बहुतेक मुंबईतच थांबतात. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, रीतसर मागे असा तो कधी घेतलाच गेला नाही, हे सगळं छापून आलेलं आहे. पण लालबाग-परळच्या चाळी सोडून जी बिऱ्हाडं साताऱ्याला, कोकणात परतली, ती तिथं कुणाच्या जिवावर जगली? आमच्यापुरतं सांगतो : थोरल्या काकींच्या.

थोरले काका आणि वडील दोघंही गिरणीत. काका गाळ्यात राहायचे, खानावळीत जेवायचे, गावी मनिऑर्डर करायचे. ते वारल्यावरही पाटण तालुक्यातली आमची भाताची खाचरं आणि डोंगरउतारावरची नाचणी काकींनी एकटीनं सांभाळली. आम्ही गणपतीला जायचो आणि येताना तांदळाचं पोतं घेऊन यायचो. ते पिकतं कसं, हे विचारायचं कधी सुचलं नाही.

वाण्यानं उधारी बंद केली तसं त्याच पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही बिऱ्हाड गावी हलवलं. वडील साचेखात्यातले; तुटलेलं सूत झोपेतही सांधतील, पण औत काही आवरेना. "भावजी, रेटू नगा. बैलास्नी ठावं हाय," म्हणत काकी मागून चिखलातनं चालायच्या. चावडीपाशी कुणी विचारलं तर मात्र म्हणायच्या, "औंदा भावजींनीच नांगारलं." बेकार झालेल्या माणसाला त्या एका वाक्यानं किती तारलं, हे मला फार उशिरा कळलं.

लावणीच्या वेळी रोप पुरून उरलं. आईनं सहज विचारलं, तेव्हा उलगडा झाला. संपाची बातमी कानावर आली तेव्हाच काकींनी ओळखलं होतं. उन्हाळ्यात जादा शेण-पालापाचोळा पसरून त्यांनी राब दुप्पट भाजला, वाट्यानं दिलेलं खालचं खाचर परत घेतलं. मुंबईत आम्ही अजून निकालाची वाट बघत होतो आणि इकडे आमच्या वाटचा भात पेरलासुद्धा गेला होता!

त्याच भातावर मी शिकलो, नोकरीला लागलो. काका गेल्यावर वारस म्हणून काकींची नोंद व्हायला हवी होती. ती कुणी केली नाही, त्यांनीही मागितली नाही. शेवटपर्यंत सातबाऱ्यावर त्यांचं नाव लागलं नाही. तुमच्याही गावी अशी कुणी उताऱ्याबाहेर राहिली असेल आणि अजून हयात असेल, तर तलाठ्याकडे अर्ज द्या, आणि याच वर्षी द्या.