मुळेच्या चारीवरचा जमादार

नगरहून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरहून, मनमाड रस्त्याला लागले की विळद घाट येतो, मग कृषी विद्यापीठाचे फाटक आणि त्यापुढे राहुरी. विद्यापीठाची स्थापना १९६८ ची. आमच्यासारख्या कृषी पदवीधरांना या रस्त्यावरचा प्रत्येक थांबा पाठ असतो. डाव्या हाताला बारागाव नांदूरजवळ मुळा धरण आहे. २६ अब्ज घनफूट पाण्याचे हे धरण. याच्या दोन कालव्यांनी राहुरी, नेवासा, शेवगाव, पाथर्डी या भागांची शेती बदलून टाकली. जिथे बाजरी आणि हुलग्याशिवाय काही दिसत नसे, तिथे ऊस उभा राहिला.

राहुरीला आणखी एक जुनी ओळख आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक काही वर्षे येथे राहिले. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली असतील, त्यांना राहुरीचे दिवस आठवतील. अमेरिकन मराठी मिशन नगरला आले ते १८३१ साली. तेव्हापासून या जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत मराठी ख्रिस्ती कुटुंबे आहेत. शहरातल्या लोकांना ख्रिस्ती म्हटले की मुंबई आणि गोवा आठवते. इकडचा ख्रिस्ती माणूस मात्र धोतर-टोपीतला, बाजरीची भाकरी खाणारा, पोळ्याच्या आदल्या दिवशी शेजाऱ्याचे बैल धुवायला मदत करणारा. भेटल्यावर ‘सलाम’ म्हणाला तर समजायचे, एवढाच फरक. पीक निघाले की यांच्या देवळात आभाराचा दिवस असतो. कुणी पायलीभर ज्वारी आणतो, कुणी भोपळा, कुणी कोंबडी. उपासना झाली की त्याचा लिलाव होतो. आपल्याच कोंबडीवर चढी बोली लावून ती परत घरी नेणारे शेतकरी मी पाहिले आहेत.

अशाच एका घरातले एक जमादार मला आठवतात. कालव्याखालचे ते बाजाराचे गाव आहे. गावाचे आणि त्यांचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण घरची माणसे तिथेच नांदत आहेत.

जमादारांचे आजोबा गावचे वेसकर होते. रात्री वेशीवर जागायचे, आल्यागेल्याची खबर पाटलाला द्यायची आणि सकाळी दारोदार भाकरी मागून आणायची. वडील मिशनच्या शाळेत शिकून मास्तर झाले. मुलगा पोलिसात शिपाई म्हणून लागला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना नव्हत्या, त्यामुळे भरतीला तो सगळ्यांच्या रांगेत उभा राहिला. आजोबांनी जे काम भाकरीवर केले, तेच नातू पगारावर करू लागला, असे ते स्वतःच हसून सांगत.

१९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांच्या पगाराच्या पेटीबरोबर त्यांना बंदोबस्ताला पाठवत. खडी फोडणाऱ्या बाया, सुकडीच्या पाळीत उभी पोरे, हे सगळे त्यांनी पाहिले होते. त्याबद्दल ते फारसे बोलत नसत. ताटात भाकरीचा तुकडा उरलेला मात्र त्यांना खपत नसे.

मी नोकरीला नवीन असताना ते त्या गावच्या चौकीवर होते. चौकी म्हणजे दोन खोल्या, पुढे कडुनिंब, त्याखाली बाकडे. दिवाळीच्या रात्री पहारा ते स्वतः मागून घेत आणि नाताळच्या रात्री एक मुसलमान हवालदार त्यांच्या जागी बसे. ईदला हिशेब पुन्हा फिरे. हे कुठल्या कागदावर नव्हते. चौकीत येणाऱ्या तक्रारी बहुतेक शेतीच्याच असत. बांध कोरला, गुरे घातली, मोटारीची केबल नेली. दोघांना बाकड्यावर बसवून ते आधी विचारत, “रानात पीक काय आहे आणि किती दिवसांचे आहे?” एकदा मी त्यांना म्हटले, हा प्रश्न तर माझ्या खात्याचा. ते म्हणाले, “साहेब, कापणीला आलेले पीक असले की माणूस लवकर समजुतीने घेतो. पीक जळालेला माणूस ऐकत नाही.” माझ्या मते शेतीच्या भांडणांबद्दल इतके नेमके बोललेला दुसरा माणूस मला भेटलेला नाही.

आता मुख्य गोष्ट. १९९५ चा उन्हाळा. चारीच्या शेवटाला जमादारांच्या मेव्हण्याची, म्हणजे धाकट्या बहिणीच्या नवऱ्याची, चार एकर जमीन होती. त्यात आमच्या खात्याचे उन्हाळी भुईमुगाचे प्रात्यक्षिक होते, म्हणून माझे तिथे जाणे-येणे असे. वाचकांना ठाऊक आहे, भुईमुगाला आऱ्या सुटतात तेव्हा पाणी तुटून चालत नाही. आऱ्या कडक जमिनीत शिरत नाहीत, शेंग धरत नाही. नेमके त्याच वेळी आवर्तन आले. सात नंबरचा अर्ज भरलेला, पाळी लागलेली, पण वरच्या अंगाने दारे मोकळी सुटलेली. टेलच्या माणसाच्या वाट्याला ओली माती. मेव्हणा तीन दिवस पाटकऱ्याच्या मागे फिरला. चौथ्या रात्री कुऱ्हाड घेऊन तो चारी फोडायला गेला. वरचा शेतकरी आडवा आला. अंधारात कुऱ्हाड त्याच्या डोक्यात बसली.

जमादार त्या रात्री सायकलवरून गस्तीला होते. ओरडा ऐकून ते चारीवर पोहोचले, तेव्हा त्यांनी बॅटरीच्या उजेडात कुऱ्हाडीसकट पळणारा माणूस पाहिला आणि ओळखला. जखमीला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेले, शुद्धीवर आल्यावर त्याचा जबाब लिहून घेतला, आणि पहाटे ते बहिणीच्या दारात उभे राहिले. बहीण चुलीपाशी होती. तिने चहा ठेवला. तो न घेता ते म्हणाले, “दाजी, चला.” त्याच दिवशी त्यांनी ठाण्याच्या फौजदारांना लिहून दिले की आरोपी माझा नातलग आहे, तपास दुसऱ्याकडे द्यावा.

रविवारी उपासनेनंतर मंडळीचे पंच आणि पाळक त्यांच्याजवळ बसले. मीही त्या दिवशी गावात होतो; ओसरीवरून ऐकू येत होते. पाळक म्हणाले, आपण क्षमा शिकवतो, घरातल्या माणसाचा संसार उघडा पाडू नये. जमादार बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “क्षमा करायची ती ज्याचे डोके फुटले त्याने. माझ्याकडे नुसती वही आहे. त्यात पाहिले ते लिहायचे.”

मेव्हणा चाळीस दिवस नगरच्या तुरुंगात होता. त्या दिवसांत जमादार ड्यूटी संपली की गणवेश उतरवून जखमी शेतकऱ्याच्या उसाला पाणी धरायला जात. बहिणीच्या रानातही गेले होते. तिने बांधावरूनच परत पाठवले. भुईमूग गेला. माझ्या प्रात्यक्षिकाच्या वहीत एकरी उत्पन्नाचा रकाना कोरा राहिला.

खटला उभा राहायला दोन वर्षे गेली. तोपर्यंत गावाने दोघांना बसवून समजूत घातली होती. दवाखान्याचा खर्च दिला गेला, एका ताटात जेवण झाले. कोर्टात जखमी शेतकरी म्हणाला, अंधार होता, मारणारा दिसला नाही. पाटकऱ्याला काही आठवेना. राहिले जमादार. पिंजऱ्यात उभे राहून त्यांनी बॅटरीचा उजेड, कुऱ्हाड आणि माणूस, सगळे होते तसे सांगितले. एकट्याच्या साक्षीवर गुन्हा शाबीत झाला नाही. मेव्हणा सुटला. कोर्टाबाहेर सगळे एका जीपमध्ये बसून गावाकडे गेले. जमादार एस.टी.ने गेले.

यात ते बरोबर होते की नाही, यावर त्या गावात अजून दोन मते आहेत. माझे मत त्यांच्या बाजूचे. ते खोटे बोलले असते तर पुढे बांधाच्या भांडणात कोण त्यांच्या बाकड्यावर येऊन बसले असते? पण मी पगारी माणूस आहे, टेलचा शेतकरी नाही, हेही इथे सांगायला हवे.

निवृत्तीनंतर त्यांनी दीड एकर रान केले आणि देवळाची घंटा वाजवण्याचे काम घेतले. बहीण त्यांच्याशी अकरा वर्षे बोलली नाही. पुढे भाचीच्या लग्नात बोलली. तेही पंगतीत वाढण्यापुरते. ते वारले त्याला आता काही वर्षे झाली. मातीला सगळ्या जातीधर्मांचे लोक आले होते. डोक्यावर खूण असलेला तो शेतकरी खड्डा खणणाऱ्यांत होता, असे मला नंतर कळले.

गेल्या उन्हाळ्यात कामानिमित्त त्या बाजूला गेलो, तेव्हा चौकी पाहिली. कडुनिंब आहे, बाकडे नाही. मग टेलला बहिणीच्या घरी गेलो. मेव्हणा आता थकला आहे, खाटेवर असतो. बाई मात्र काटक आहेत. मी जमादारांचा विषय काढला. कांदे निसत निसत त्या म्हणाल्या, “दादा खरं बोलला, हे सगळे सांगतात. त्या उन्हाळ्यात माझी तीन लेकरं काय खाऊन राहिली, ते कुणी विचारत नाही.” मी विचारले. त्यांनी सांगितले. मिरचीचे पाणी आणि शेजारणीच्या भाकरी. आणि दर आठवड्याला दारात पीठ ठेवून जाणारे कुणीतरी. ते पीठ त्यांनी कधी घेतले, कधी गुरांपुढे टाकले. कोण ठेवत होते हे त्यांना तेव्हाही माहीत होते.

मग विषय बदलून त्यांनी विचारले, “साहेब, यंदा पाणीअर्जाची मुदत कधीपर्यंत हो? मागच्या वेळी आम्हांला उशिरा कळलं.” मी पाटबंधारेच्या शाखा कार्यालयात विचारून कळवतो म्हणालो, आणि नंबर लिहून घेतला.